खांबामागचे पाणी
बोथट वस्तूंमागील प्रवाहाच्या स्थैर्याचा विचार

वाहत्या पाण्यात एखादा खांब उभा असला, तर त्याच्या पुढच्या अंगास काय घडते हे सांगणे फारसे कठीण नाही. पाणी खांबावर येऊन आदळते, दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी पुढे सरकते. खरी अडचण आहे ती खांबाच्या मागे. तेथे पाणी कधी निमूटपणे पुन्हा एकत्र येते, कधी दोन भोवरे धरून जागच्या जागी फिरत राहते, तर कधी डाव्या-उजव्या बाजूंनी आळीपाळीने भोवरे सोडू लागते. यांपैकी कोणत्या वेळी काय घडेल हे आधीच सांगता येईल काय, हा प्रश्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे भौतिकशास्त्रज्ञ, गणिती व अभियंते यांना खुणावत आला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ओळख करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असा विषय का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु बी. ए. ला गणित हा विषय घेता येतो आणि मी तो घेतला आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शिकलेली गोष्ट घरच्या माणसांना समजेल अशा शब्दांत सांगता आली, तरच ती आपणास समजली, अशी एक कसोटी मी स्वतःपुरती ठरवून घेतली आहे. म्हणून या लेखात समीकरणे जवळजवळ नाहीत. त्यांच्यामागचा विचार मात्र आहे.

१. बोथट कशाला म्हणावे?

येथे 'बोथट' हा शब्द विळीच्या किंवा सुरीच्या संदर्भात आपण वापरतो त्या अर्थाने घ्यावयाचा नाही. ज्या वस्तूच्या पृष्ठभागाला धरून प्रवाह शेवटपर्यंत जात नाही, वाटेतच पृष्ठभाग सोडून देतो, ती वस्तू बोथट. गोल खांब, चौकोनी इमारत, उभी धरलेली फळी, कारखान्याचे धुराडे, विजेची तार या सर्व बोथट वस्तू होत. उलट मासा, होडीचा निमुळता तळ, विमानाचा पंख यांच्या अंगाला धरून प्रवाह शेपटीपर्यंत जातो. परंतु तोच पंख फार तिरका धरला, तर तोही बोथट ठरतो. म्हणजे बोथटपणा हा केवळ आकाराचा गुण नाही. आकार आणि प्रवाह या दोघांमधील तो संबंध आहे.

प्रवाह पृष्ठभाग का सोडतो, याचे उत्तर लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दिले. खांबाच्या बाजूने जाताना पाण्याचा वेग वाढतो व दाब कमी होतो. मागच्या अंगास वळताना दाब पुन्हा वाढत जातो. म्हणजे पाण्याला एक प्रकारे आधी उतार आणि मग चढ लागतो. खांबापासून दूर असलेले पाणी उताराच्या जोरावर चढ चढून जाते. परंतु खांबाला चिकटून असणारा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, घर्षणामुळे आपला जोर वाटेतच गमावून बसतो. घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून आलेल्या सायकलीला पुढचा चढ चढवत नाही, तसेच त्याचे होते. तो थांबतो, मागे रेटला जातो आणि पृष्ठभागापासून सुटतो. या सुटलेल्या थरांच्या मध्ये जो मंद, उलटसुलट फिरणारा पाण्याचा पट्टा तयार होतो, त्याला आपण पिछाडीचा प्रवाह म्हणू. सारे नाट्य घडते ते तेथेच.

२. एका अंकात सारे

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची धार सोडून प्रयोग केले. ती धार सरळ राहील की विस्कटेल, हे केवळ वेगावर किंवा केवळ नळीच्या जाडीवर अवलंबून नसते. वेग व जाडी यांचा गुणाकार करून त्याला द्रायूच्या घनतेच्या मानाने असलेल्या चिकटपणाने भागले असता जो अंक येतो, त्यावर ते अवलंबून असते, असे त्यांना आढळले. (द्रव व वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात.) हाच रेनॉल्ड्स अंक. त्याला एकक नाही. तो थोडक्यात एवढेच सांगतो की प्रवाहाचा पुढे जाण्याचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट आहे.

पाण्याच्या बाबतीत हा अंक काढण्याची एक सोपी युक्ती आहे. साधारण तापमानास पाण्यासाठी तो भाजक, मिलिमीटर व सेकंद या एककांत, जवळजवळ १ येतो. म्हणून वस्तूची जाडी मिलिमीटरमध्ये व वेग दर सेकंदास मिलिमीटरमध्ये घेऊन नुसता गुणाकार केला की पाण्यापुरता रेनॉल्ड्स अंक मिळतो. हवेसाठी त्याच गुणाकाराला १५ ने भागावे. काकवीत किंवा एरंडेलात काठी फिरवली, तर भाजक पाण्याच्या कित्येक शेपट असल्यामुळे अंक अगदीच लहान राहतो. म्हणूनच काकवीत भोवरे उठत नाहीत.

गोल दांड्यामागे या अंकानुसार पुढील अवस्था दिसतात. अंक सुमारे ५ पेक्षा कमी असेल, तर प्रवाह दांड्याला पूर्ण धरून जातो. ५ च्या पुढे दांड्यामागे दोन भोवरे तयार होतात; पण ते जागचे हलत नाहीत, जुळ्या भावंडांसारखे एकमेकांशेजारी फिरत राहतात. अंक वाढेल तसे ते लांब होत जातात. सुमारे ४७ या अंकाला मात्र एकाएकी पालट होतो. पिछाडीचा प्रवाह डोलू लागतो आणि मग एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरा सुटू लागतो. १९० च्या आसपास या भोवऱ्यांच्या सरळ रांगा दांड्याच्या लांबीच्या दिशेनेही वाकड्यातिकड्या होऊ लागतात. पुढे पाणी अधिकाधिक संक्षुब्ध होत जाते. परंतु आळीपाळीने भोवरे सुटण्याची सवय ते फार पुढपर्यंत सोडत नाही.

हे घरच्या घरी पाहता येते. मोठ्या परातीत दोन बोटे पाणी घेऊन ते पूर्ण स्थिर होऊ द्यावे. सुमारे ७ मिलिमीटर जाडीच्या पेन्सिलीला खालच्या बाजूस शाई लावावी व ती उभी धरून पाण्यातून सरळ ओढावी. ३० सेंटिमीटर अंतर एका मिनिटात कापले, तर वेग दर सेकंदास ५ मिलिमीटर व अंक ३५ होतो. तेच अंतर १५ सेकंदांत कापले, तर अंक १४० होतो. पहिल्या खेपेस शाईची रेघ सरळ राहावयास हवी. दुसऱ्या खेपेस ती नागमोडी होऊन तिला वळसे पडावयास हवेत. आपला हात थोडासा कापतोच. परंतु तो दोन्ही वेळा कापतो. एका वेळी ते कापणे विरून जाते आणि दुसऱ्या वेळी वाढते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण या लेखाचा सगळा विषय त्यातच आहे.

३. तारेचे गाणे

भोवरे डोळ्यांना दिसण्यापूर्वी शास्त्राला ते कानांनी कळले. वाऱ्यात तार गुणगुणते हे माणसाला पूर्वापार ठाऊक होते. १८७८ मध्ये व्हिन्सेन्स स्ट्रूहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास केला. तार किती ताणली आहे किंवा किती लांब आहे यावर या आवाजाची पट्टी अवलंबून नसते, तर वाऱ्याचा वेग भागिले तारेची जाडी एवढ्यावरच ती ठरते, असे त्यांनी दाखविले. पुढील वर्षी लॉर्ड रॅली यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आणून दिली: तार वाऱ्याच्या दिशेने हलत नाही, ती वाऱ्याच्या आडव्या दिशेने हलते. भोवरे एकदा एका बाजूने व एकदा दुसऱ्या बाजूने सुटत असल्यामुळे तारेला आडवे हिसके बसतात, हे त्याचे कारण नंतर स्पष्ट झाले.

गोल वस्तूसाठी रेनॉल्ड्स अंक काही शेकड्यांपासून सुमारे एक लाखापर्यंत असेल, तर भोवऱ्यांची कंप्रता काढण्याचा नियम फार सुटसुटीत आहे: वेगाला जाडीने भागावे व ०.२ ने गुणावे. ३ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा वाहत असेल, तर कंप्रता सेकंदाला ४०० येते. हा सूर आपणास सहज ऐकू येतो. कालव्याच्या पाण्यात २५ मिलिमीटर जाडीचा बांबू रोवला व पाण्याचा वेग सेकंदाला पाव मीटर असेल, तर बांबूला सेकंदाला दोन हेलकावे बसतात. तेथे हात लावून पाहिल्यास ते जाणवतात.

४. हीमेन्झ यांची तक्रार आणि कारमान यांचा शनिवार-रविवार

फ्रान्समध्ये आंरी बेनार यांनी १९०८ च्या सुमारास दांड्यामागील आळीपाळीच्या भोवऱ्यांचे काळजीपूर्वक निरीक्षण प्रसिद्ध केले. परंतु या भोवऱ्यांना नाव मिळाले ते थिओडोर फॉन कारमान यांचे. त्याची हकीकत स्वतः कारमान यांनी पुढे आपल्या वायुगतिकीवरील पुस्तकात सांगितली आहे.

१९११ साली जर्मनीतील गटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली कार्ल हीमेन्झ नावाचा संशोधक विद्यार्थी काम करीत होता. पाण्याच्या वाहत्या पाटात गोल दांडा ठेवून त्याच्या पृष्ठभागावरील दाब त्याला मोजावयाचा होता. त्यासाठी प्रवाह स्थिर हवा. पण तो काही केल्या स्थिर होईना. प्रांट्ल म्हणाले, तुझा दांडा नीट गोल नसेल. हीमेन्झने तो पुन्हा घासून नेटका केला. प्रवाह डोलतच राहिला. मग पाट दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, अशी शंका आली, तोही सुधारला. तरी तेच. कारमान रोज सकाळी त्याला विचारीत, आज तरी प्रवाह स्थिर आहे काय? आणि तो खिन्नपणे सांगे की तो डोलतोच आहे.

तेव्हा कारमान यांच्या मनात आले की ज्या अर्थी सर्व दोष दूर करूनही डोलणे थांबत नाही, त्या अर्थी ते दोषांमुळे नसून प्रवाहाच्या स्वभावातच असले पाहिजे. एका शनिवार-रविवारी त्यांनी हिशेब मांडला. भोवऱ्यांच्या दोन समांतर रांगा घेतल्या. भोवरे समोरासमोर असतील, तर ती रचना जराशा धक्क्यानेही मोडते. परंतु एका रांगेतील भोवरा दुसऱ्या रांगेतील दोन भोवऱ्यांच्या बरोबर मध्ये येईल अशी रचना असेल, आणि रांगांमधील अंतर हे एका रांगेतील लगतच्या भोवऱ्यांमधील अंतराच्या ०.२८१ पट असेल, तरच ती रचना त्या हिशेबापुरती टिकते. हीच 'कारमानची भोवऱ्यांची वाट'. उपग्रहांवरून घेतलेल्या छायाचित्रांत मेक्सिकोजवळील ग्वादालुपे बेटामागे किंवा आफ्रिकेजवळील कॅनरी बेटांमागे ढगांत हीच नक्षी शेकडो किलोमीटर उमटलेली दिसते.

या शोधाचे श्रेय आपल्याकडे घेण्याचा हट्ट कारमान यांनी धरला नाही. इटलीतील बोलोन्या येथील एका जुन्या चित्रात नदी ओलांडणाऱ्या संत ख्रिस्तोफराच्या उघड्या पावलामागे आळीपाळीचे भोवरे काढलेले आपण पाहिले, असे त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे चित्रकाराच्या नजरेने जे टिपले होते, त्याचे कारण गणिताने नंतर सांगितले. कला आणि शास्त्र यांच्यात आपण समजतो तेवढी मोठी भिंत नसावी.

येथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घेतली पाहिजे. कारमान यांचा हिशेब भोवरे तयार झाल्यानंतरचा आहे. ते जन्माला केव्हा येतात, म्हणजे ४७ हा अंक कोठून आला, याचे उत्तर त्यात नाही. त्यासाठी स्थैर्याची कल्पना अधिक खोलात जाऊन पाहावी लागते.

५. स्थैर्य म्हणजे काय?

एक गोटी वाटीत ठेवली आणि दुसरी गोटी पालथ्या वाटीच्या माथ्यावर अगदी तोलून ठेवली. दोन्ही गोट्या स्थिर आहेत. दोघींवरील बलांची बेरीज शून्यच आहे. गणिताच्या पुस्तकातील समतोलाची अट दोघी सारख्याच पाळतात. परंतु हलकी फुंकर घालताच पहिली गोटी डोलून पुन्हा तळाशी येते, तर दुसरी घरंगळून जाते. म्हणून समीकरणाचे उत्तर मिळाले म्हणजे काम संपले नाही. ते उत्तर फुंकर सोसते काय, हेही विचारले पाहिजे.

प्रवाहाच्या समीकरणांचेही असेच आहे. दांड्यामागे दोन शांत, सारखे भोवरे असलेला प्रवाह हे त्या समीकरणांचे उत्तर ४७ च्या पुढेही असतेच. ते कधी नाहीसे होत नाही. फक्त ते निसर्गात दिसत नाही, कारण ते पालथ्या वाटीवरच्या गोटीसारखे झालेले असते. हीमेन्झ जो प्रवाह शोधत होता तो कागदावर होता, पाटात नव्हता.

हे तपासण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी: तो शांत, सममित प्रवाह गणिताने काढावयाचा. दुसरी पायरी: त्यात अगदी लहान अडथळा मिसळावयाचा. समजा, अडथळा मूळ प्रवाहाच्या एक हजारांश आहे. तर त्याचा वर्ग एक दशलक्षांश होतो. म्हणून वर्गाची पदे सोडून दिली तरी चालते आणि समीकरणे पुष्कळ सोपी होतात. तिसरी पायरी: उरलेल्या समीकरणांवरून तो अडथळा काळानुसार वाढतो की विरतो, हे पाहावयाचे. वाढीचा दर ऋण आला तर प्रवाह स्थिर. धन आला तर अस्थिर. गोल दांड्यासाठी हा दर रेनॉल्ड्स अंकाबरोबर वाढत जातो आणि ४६ ते ४७ च्या दरम्यान शून्य ओलांडतो. जॅक्सन व झेबिब यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे संगणकावर असा हिशेब केला. प्रयोगातही जवळपास तोच आकडा मिळतो. दांडा न बुडविता, पाणी न वाहविता, केवळ हिशेबाने भोवऱ्यांचा जन्मक्षण सांगता आला, हे या रीतीचे मोठे यश होय.

६. वाढ थांबते कोठे?

यावर एक आक्षेप येतो. अडथळा वाढतच गेला तर त्याला अंत काय? प्रत्यक्षात तर डोलणे ठराविक मर्यादेपर्यंत वाढून तेथे टिकते. याचा खुलासा लेव्ह लँडाऊ या रशियन शास्त्रज्ञाच्या १९४४ मधील विचाराने होतो. अडथळा लहान असताना सोडून दिलेली पदे तो मोठा झाल्यावर सोडून चालत नाही. ती पदे लगाम घालतात. अडथळा जसा मोठा, तसा लगाम अधिक घट्ट. शेवटी वाढ आणि लगाम यांची बरोबरी होते व डोलणे एका मापावर येऊन ठरते.

यातून निघणारा निष्कर्ष तपासता येण्याजोगा आहे. डोलण्याचा परमप्रसर हा रेनॉल्ड्स अंक ४७ च्या वर जितका असेल त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असला पाहिजे. म्हणजे अंक ५१ असताना, ४ ने वर असल्यामुळे, परमप्रसर २ मानला, तर अंक ५६ असताना, ९ ने वर असल्यामुळे, तो ३ झाला पाहिजे. फ्रान्समधील मार्सेय येथे प्रोव्हाँसाल, मॅथिस व बोये यांनी केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दांड्यामागील डोलणे उंबरठ्याजवळ याच नियमाने वागते, असे दिसून आले.

७. अडथळा वाहून का जात नाही?

आणखी एक शंका. पाणी तर सतत पुढे वाहते. मग अडथळा वाढला तरी तो पाण्याबरोबर निघून का जात नाही? पंढरीच्या वाटेवरील लांबलचक दिंडीची कल्पना करावी. मध्ये कोणी काही बातमी सांगितली. ती बातमी केवळ मागच्या मागे जात राहिली, तर पुढच्या वारकऱ्यांना तिचा पत्ताही लागत नाही. थोड्या वेळाने ती शेपटाकडून निघून जाते. परंतु ती पुढेही सरकू लागली, तर साऱ्या दिंडीत तीच ती चर्चा घुमत राहते.

पिछाडीच्या प्रवाहात असेच दोन प्रकार संभवतात. अडथळा वाढत वाढत वाहून जाणे हा एक, आणि वाढत वाढत जागच्या जागी ठाण मांडणे हा दुसरा. बोथट वस्तूच्या लगेच मागे पाणी उलटे, म्हणजे वस्तूकडे, वाहत असते. त्यामुळे तेथील अडथळ्याला मागे परतण्यास वाट मिळते. ह्यूएर व मंकेविट्झ या संशोधकांनी १९८० च्या दशकात हा भेद पिछाडीच्या प्रवाहाला लावून दाखविला. असा 'ठाण मांडणारा' पट्टा अंक २५ च्या आसपासच तयार होऊ लागतो; परंतु तो पुरेसा लांब झाल्याखेरीज सारा प्रवाह डोलू लागत नाही. म्हणून उंबरठा २५ नसून ४७ आहे.

हे खरे असेल, तर त्या पट्ट्यात नेमक्या जागी ढवळाढवळ करून सारे डोलणे बंद करता यावयास हवे. तसे करता येतेही. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून डॉक्टरेट मिळविलेले कटेपल्ली श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी स्ट्रायकोव्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जाड दांड्यामागे योग्य जागी एक अगदी बारीक दांडा ठेवला; आणि उंबरठ्याच्या वर काही अंकापर्यंत भोवरे सुटणे पूर्णपणे थांबले. २००७ मध्ये जियानेट्टी व लुकीनी या इटालियन संशोधकांनी पिछाडीतील कोणती जागा सर्वांत नाजूक आहे याचा नकाशा केवळ गणिताने काढला. तो नकाशा आणि बारीक दांडा जेथे परिणामकारक ठरला ती जागा यांचा चांगला मेळ बसतो. मोठ्या वस्तूला हात न लावता तिच्या मागील रिकाम्या वाटणाऱ्या जागेत एक काडी उभी करून साऱ्या प्रवाहाची चाल बदलावी, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयात सर्वांत विलक्षण वाटली.

८. भाकिताच्या मर्यादा

येथवर सर्व काही सुरळीत झाले असे वाटेल. पण तसे नाही. उंबरठ्यापाशी वरील रीत कंप्रताही बरोबर सांगते. परंतु अंक १०० झाला की शांत प्रवाहावरून काढलेली कंप्रता प्रत्यक्ष कंप्रतेपेक्षा बरीच कमी येते. कारण उघड आहे. प्रवाह आता शांत उरलेलाच नाही. भोवऱ्यांनी त्याचे रूप पालटले आहे. मग ज्या गोटीची चौकशी करावयाची, ती वाटीच बदलली आहे.

यावर एक उपाय निघाला. डोलणाऱ्या प्रवाहाची दीर्घकाळाची सरासरी घ्यावयाची आणि त्या सरासरी प्रवाहावर तीच तीन पायऱ्यांची रीत चालवावयाची. ड्वाइट बार्कले यांनी २००६ मध्ये हे करून पाहिले, तेव्हा कंप्रता जवळजवळ अचूक आली आणि वाढीचा दर जवळजवळ शून्य आला. जणू प्रवाह स्वतःला बरोबर काठावर आणून ठेवतो. यात गंमत अशी की सरासरी प्रवाह हा मूळ समीकरणांचे उत्तरच नव्हे. वर्गातील मुलांचे सरासरी वय साडेएकोणीस असले, तरी साडेएकोणीस वर्षांचा मुलगा वर्गात असेलच असे नाही. अशा कल्पित प्रवाहाला प्रश्न विचारून खरे उत्तर का मिळावे? आणि सर्वच प्रवाहांत ते मिळत नाही. म्हणून ही रीत कोठे विश्वासाची व कोठे नाही, हा आजही अभ्यासाचा विषय आहे.

आकार बदलला तर वाटही बदलते. गोल दांड्याऐवजी गोळा घेतला, तर सुमारे २१० या अंकाला त्याच्या मागील प्रवाह प्रथम न डोलताच एका बाजूस झुकतो, आणि सुमारे २७५ च्या पुढे डोलू लागतो. तेव्हा एका वस्तूचा अंक दुसरीला लावून चालत नाही.

९. पूल आणि मनोरे

हा सारा खटाटोप केवळ शाईच्या रेघेसाठी असता, तर त्याला एवढे महत्त्व आले नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा नॅरोज हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचा मधला गाळा ८५३ मीटरांचा होता. त्याच्या दोन्ही कडांना सुमारे अडीच मीटर उंचीच्या भरीव लोखंडी पट्ट्या होत्या. म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने ती एक बोथट वस्तू होती. चौकशी मंडळात कारमान हेही होते.

हा पूल भोवऱ्यांशी अनुस्पंदन झाल्यामुळे पडला, असे पुष्कळ पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. परंतु बिल्ला व स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये या समजुतीचा परामर्श घेतला. त्या वाऱ्यात भोवरे सेकंदाला सुमारे एक या गतीने सुटत असावेत. पूल मात्र पाच सेकंदांस एक या गतीने पिळवटत होता. दोन्हींचा मेळ बसत नाही. पुलाच्या स्वतःच्या पिळण्यामुळेच वाऱ्याचे बल बदलत होते आणि ते बदललेले बल पिळणे आणखी वाढवीत होते. म्हणजे येथेही लहान अडथळा वाढण्याचाच प्रकार होता. पण तो केवळ प्रवाहातला नव्हता, पूल व वारा या जोडीतला होता. १९५० मध्ये उभारलेल्या नव्या पुलाला भरीव पट्ट्यांऐवजी वारा आरपार जाईल अशी जाळीदार चौकट दिली गेली.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील फेरीब्रिज येथील वीजकेंद्राचे. तेथे सुमारे ११४ मीटर उंचीचे आठ शीतक मनोरे होते. १ नोव्हेंबर १९६५ रोजीच्या वादळी वाऱ्यात त्यांपैकी तीन कोसळले. वारा ज्यांच्या अंगावर थेट येत होता ते पुढच्या रांगेतील मनोरे उभे राहिले. त्यांच्या आडोशाला असलेले पडले. पुढच्या मनोऱ्यांच्या पिछाडीचा खवळलेला प्रवाह मागच्यांवर येऊन आदळत होता, आणि त्याचा हिशेब आराखड्यात धरलेला नव्हता. एकट्या मनोऱ्यासाठी केलेले गणित आठ मनोऱ्यांच्या समूहाला पुरे पडले नाही. आडोसा म्हणजे सुरक्षितता, हा आपला व्यवहारातला समज येथे खोटा ठरला.

उपायही निघाले. उंच धुराड्यांच्या वरच्या भागावर मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या लोखंडी पट्ट्या आपण पाहतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत स्क्रूटन यांनी १९५० च्या दशकात त्या पुढे आणल्या. त्यांच्यामुळे निरनिराळ्या उंचीवरचे भोवरे एका तालात सुटत नाहीत. ताल मोडला की धुराड्याला बसणारे हिसके एकमेकांत जिरतात. तसेच उच्च दाबाच्या विजेच्या तारांना मनोऱ्यांजवळ व्यायामशाळेतील डंबेलसारखी लहान वजने टांगलेली असतात. ती स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्याची १९२० च्या दशकातील कल्पना. तारेचे थरथरणे ती स्वतःवर घेतात व शमवितात. आपल्या शेतांवरून गेलेल्या तारांवरही ती दिसतात. ती शोभेसाठी किंवा ताणासाठी नसून भोवऱ्यांच्या हिसक्यांसाठी आहेत, हे मला या अभ्यासातूनच कळले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानी येतात. पहिली ही की, नियमाला धरून असलेली प्रत्येक अवस्था टिकाऊ असतेच असे नाही. ती लहानशा धक्क्याला कशी उत्तर देते यावर तिचे आयुष्य ठरते. दुसरी, एखादी गोष्ट सर्व दोष काढूनही पुन्हा पुन्हा घडत असेल, तर ती दोष नसून स्वभाव असण्याचा संभव विचारात घ्यावा. हीमेन्झने दांडा घासला. कारमान यांनी प्रश्न बदलला. तिसरी, भाकीत करावयाचे तर वस्तू एकटी पाहून भागत नाही. तिच्या पुढे कोण उभे आहे आणि मागे काय सोडले जात आहे, हेही पाहावे लागते. फेरीब्रिजचे तीन मनोरे हे शिकवून गेले.

आमच्यापैकी जे विद्यार्थी गणिताला भितात, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की परात, पेन्सिल, शाई व घड्याळ यांपलीकडे या विषयाच्या दारात उभे राहण्यास काही लागत नाही. ३५ आणि १४० या दोन अंकांची रेघ प्रत्येकाने एकदा ओढून पाहावी. आत जावयाचे असेल तर मग गणित लागेल. परंतु तोपर्यंत ते कशासाठी लागते, हे तरी कळलेले असेल.